माझं नापास होणं मीच सांगितलं

चौथीत जाईपर्यंत मी शाळेत तोंड उघडलं ते फक्त हजेरीला. गुरुजी नाव घ्यायचे, मी 'हजर' म्हणायचे, आणि त्यानंतर शाळा सुटेपर्यंत मला काही काम नसायचं. निर्वासितांच्या कॅम्पातली आम्ही सात-आठ बंगाली मुलं मागच्या भिंतीला टेकून बसायचो. घरी बंगाली, वाटेत गावातली झाडीबोली, रेडिओवर हिंदी, आणि पुस्तकात आणखी एक चौथीच भाषा, जी आमच्या ओळखीचं कुणीच बोलत नव्हतं. तशी ती गावातली मुलंही बोलत नव्हती, पण त्यांना कळायची. पहिलीत असताना एकदा गुरुजींनी मला वाचायला उभं केलं होतं. मी 'विहीर'चं 'बिहीर' केलं आणि सगळा वर्ग हसला. ते हसणं काही दुष्टपणाचं नव्हतं, 'बिहीर' ऐकून आज मलाही हसू येतं. पण त्या दिवसापासून मी ठरवून टाकलं की या खोलीत आपण बोलायचं नाही.

आम्ही इथं कुठून आलो, का आलो, ते आमच्या घरातल्या मोठ्यांनी पुष्कळ सांगितलं आहे, मी पुन्हा सांगत बसत नाही. माझ्यासाठी जग सुरू होतं ते केशोरीच्या अलीकडच्या आमच्या कॅम्पापासून. रांगेनं बांधलेली मातीची घरं, प्रत्येक घरामागं माती काढून झालेला खड्डा, पावसाळ्यात त्या खड्ड्याचं तळं, आणि तळ्यात बाबांनी हौसेनं सोडलेले मासे. आई मोहरीच्या तेलात मासे तळायला लागली की वाटेनं जाणारे गावकरी नाकाला रुमाल लावायचे, आणि गावात कुणाकडं जवसाच्या तेलाची फोडणी पडली की आम्ही नाक दाबायचो. धान मात्र दोघांकडं एकच. दिवेलागणीला कॅम्पातल्या घराघरांतून शंख वाजायचे. एकीनं सुरू केला की दुसरी, मग तिसरी, आणि तो आवाज धानाच्या बांध्यांवरून पार पलीकडच्या गावापर्यंत जायचा.

त्या पलीकडच्या गावात यमुनाकाकू राहायच्या. त्यांच्या शेतावर धानाच्या रोवणीला आई आणि कॅम्पातल्या इतर बायका जायच्या आणि आम्ही मुलं बांधावर खेळत बसायचो. एका दुपारी काकू परह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या मोजत मोजत माझ्यापाशी येऊन थांबल्या.

"कितव्या वर्गात आहेस वं?"

मी चार बोटं दाखवली.

"मुकी आहेस का?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मंग बोलत काऊन नाही?" बांधावर खताचं रिकामं पोतं पडलं होतं. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हे काय लिहून आहे, वाच."

मी त्या पोत्याकडं खूप वेळ बघत राहिले. एकेक अक्षर ओळखीचं होतं, पण ती एकमेकांना जोडली की अनोळखी व्हायची. चिखलात वाकलेल्या माझ्या आईला काकूंनी हाक मारली. "बाई, शाळा सुटली का पोरीले माह्या घरी धाडत जा." आईला त्यातला एक शब्द कळला नाही. उद्याही कामावर येणार का, असं काकू विचारताहेत असं समजून ती हसली आणि जोरजोरात मान डोलावू लागली. त्यामुळं दोन दिवसांनी काकूंनी मला शाळेतून परस्पर घरी नेलं तेव्हा आईची अशी समजूत झाली की पोरीला झाडलोटीला ठेवून घेतलंय. संध्याकाळी ती तरातरा आली ती मला परत न्यायला. येऊन बघते तर मी घरापुढच्या छपरीत पाटावर बसलेली, समोर पाटी, आणि काकू माझ्यासमोर मुर्ऱ्याची, म्हणजे चुरमुऱ्यांची, परडी घेऊन बसलेल्या. आईनं परडीकडं बघितलं आणि म्हणाली, "मुरि." काकू म्हणाल्या, "मुर्रा." दोघींनी तो शब्द दोन-तीनदा एकमेकींना म्हणून दाखवला. मग आई पाटाच्या कडेला बसली, मूठभर मुर्रा खाल्ला आणि मला तिथंच ठेवून घरी गेली.

काकू सातवी पास होत्या. त्यांना मास्तरीण व्हायचं होतं, पण त्याआधी लग्न झालं आणि त्या धानाच्या घरात आल्या. दोन्ही मुलं गोंदियाला वसतिगृहात शिकायला होती, त्यामुळं दुपारनंतर त्यांचं घर अगदी गप्प पडायचं. आठवडाभरात मी कॅम्पातल्या शेफालीला घेऊन गेले, शेफालीनं तिच्या भावांना आणलं, आणि पावसाळा संपेपर्यंत छपरीत बारा-तेरा मुलं झाली. काकूंचे यजमान तुकारामजी फार कमी बोलायचे. ते बैलांना पेंढी टाकता टाकता आमच्याकडून पाढे म्हणवून घ्यायचे. आम्ही चुकलो की पेंढी टाकायचे थांबायचे. बैल आमच्याकडं बघायला लागायचे आणि आम्हाला बरोबर उत्तर द्यावंच लागायचं.

गावात कुरबुर झाली नाही असं नाही. शेजारची बाई कुंपणावरून म्हणाली होती, "कॅम्पातल्या पोट्ट्यायले कायले घरात घेऊन राहिली वं यमुना?"

"घरात कुठं," काकू म्हणाल्या, "छपरीत घेऊन राहिली."

आमची खरी अडचण होती 'ळ'. बंगालीत तो नाही. आम्ही शाळेला शाला म्हणायचो आणि बाळाला बाल. काकूंच्या घरामागं केळी होत्या. एके दिवशी त्यांनी पिकलेला घड आणून छपरीच्या मधोमध ठेवला आणि सांगितलं की जो नीट मागेल त्यालाच मिळेल.

"मला केलं द्या," शेफाली म्हणाली.

"काय केलं?"

"केलं."

"अगं पण काय केलं ते त सांग."

शेफालीला रडू यायच्या बेतात होतं. काकूंनी तिला जवळ घेतलं. "'ड' म्हणता येते ना? म्हण. आता जीभ तिथंच वर टेकवून ठेव, हलवू नको, अन् 'ल' म्हण." शेफालीनं डोळे घट्ट मिटले, जीभ टाळ्याला लावली, आणि तिच्या तोंडातून काहीतरी जाड, ओलसर, पण निःसंशय 'ळ' असं बाहेर पडलं. मग आम्ही सगळ्यांनीच डोळे मिटले. संध्याकाळपर्यंत घड संपला. 'ळ' एकदा सापडल्यावर मला तो जिथं तिथं घालावासा वाटायला लागला. पाटीवर मी माझं मालती हे नावही 'माळती' असं लिहून ठेवलं. काकूंनी ते पुसायला सांगितलं, पण तुकारामजींना ते आवडलं असावं. पुढं माझं लग्न झालं तेव्हाही त्यांनी आहेराच्या पाकिटावर 'चि. माळती' असंच लिहिलं होतं.

काकू आमच्याकडून एकच गोष्ट मागायच्या. रोज प्रत्येकानं एक बंगाली शब्द द्यायचा. तो त्या खडूनं छपरीच्या लाकडी खांबांवर लिहायच्या. जोल म्हणजे पाणी, मा म्हणजे आई, माछ म्हणजे मासा, काज म्हणजे काम. 'भात' कुणीतरी दिला तेव्हा त्यांनी तो शब्द परत केला, म्हणाल्या, हा माझ्याकडं आहे. 'काल'वर मात्र त्या बराच वेळ अडून बसल्या. बंगालीत काल म्हणजे कालही आणि उद्याही, हे त्यांना पटेना. "मंग तुम्ही लोक येऊन राहिले का जाऊन राहिले, हे समजावं कसं?" शेफालीचा धाकटा भाऊ गंभीरपणे म्हणाला, "बघून." काकू इतक्या हसल्या की आतून तुकारामजी बघायला आले.

हिवाळ्यात त्यांनी आम्हाला बैलगाडीतून आमच्याकडच्या प्रतापगडला नेलं. अट अशी की वाटेतली एकही पाटी न वाचता सोडायची नाही. आम्ही ग्रामपंचायत वाचली, पंक्चर काढून मिळेल वाचलं, पुढे वळण आहे वाचलं. एका दवाखान्यापाशी बैलांना पाणी पाजायला गाडी थांबली. तुकारामजी भिंतीच्या दिशेनं तोंड करून पिंक टाकणार, इतक्यात शेफालीनं खणखणीत आवाजात वाचलं, "येथे थुंकू नये." तुकारामजींनी तोंडातला तंबाखूचा खर्रा तसाच गिळला आणि पुढचा मैलभर ते उचक्या देत होते. गडावर दर्ग्यापाशी वाऱ्यात बसून आम्ही डब्यातला भात आणि लाखोळीची डाळ खाल्ली. खाली दूरवर पाण्याचे तुकडे चमकत होते. त्या दिवशी मी जन्मभरात बोलले नसेन इतकं बोलले, आणि बोलत होते ते मराठीत, हे मला घरी आल्यावर आईनं सांगितलं.

आता माझं अर्जुनीला कापडाचं दुकान आहे. दुकानामागच्या खोलीत, कापडाच्या ताग्यांच्या मधे, शाळा सुटल्यावर पाच-सहा मुलं दप्तरं घेऊन बसतात. त्यांचे आईवडील छत्तीसगडकडून कामाला आलेले आहेत. परवा त्यातली एक मुलगी म्हणाली, "मोर पेन्सिल गंवा गे." मी तिला सांगितलं, मराठीत सांग. ती गप्प झाली. मग मी उठून तिला तिच्याच भाषेत विचारलं, पेन्सिल कुठं हरवली ते, मोडकंतोडकं, जसं येतं तसं. ती माझ्या चुकांना फिसकन हसली आणि मग मराठीत बोलायला लागली. काकू खांबांवर आमचे शब्द का लिहायच्या, हे मला त्या दुपारी कळलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्यांना बंगाली शिकायची हौस होती.

पण मी चौथीतलं सांगत होते. छपरीत मी पोपटासारखी बोलायचे आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन भिंतीला टेकून गप्प बसायचे. लेखी परीक्षेत कसेबसे गुण मिळायचे. तोंडी परीक्षेत गुरुजी प्रश्न विचारायचे आणि मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडं बघत राहायचे. काकूंना मी हे कधी सांगितलं नव्हतं. हिवाळा सरताना, लाखोळी काढायच्या दिवसांत, गुरुजींनी बाबांना शाळेत बोलावणं धाडलं, तेव्हा काकूंना कळलं. बाबांनी धुतलेला सदरा घातला. शाळेच्या दारात बघतो तर काकू पदर खोचून आमच्या आधीच येऊन उभ्या. शेतातून थेट आल्या होत्या, पायाला माती होती.

गुरुजी वाईट नव्हते. एका खोलीत दोन वर्ग आणि साठ मुलं, त्यात मागच्या भिंतीशी कोण काय करतं हे बघायला त्यांना सवड नव्हती. त्यांनी बाबांना खुर्ची दिली आणि काकूंना म्हणाले, "यमुनाबाई, तुम्हीच समजावून सांगा यांना."

"मले कुठं येते जी त्यायची भाषा," काकू म्हणाल्या. "हे मालती सांगन ना."

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं, उसासा टाकला आणि सावकाश बोलायला लागले. "सांग तुझ्या बाबांना. मुलगी वर्गात बोलत नाही. विचारलं तर खाली बघते. वाचायला उभी केली तर डोळ्यांत पाणी आणते. हिला पाचवीत ढकललं तर हिचंच नुकसान होईल. म्हणून यंदा ही चौथीतच राहील."

मी बाबांना सांगितलं, "गुरुजी म्हणतात, मी वर्गात गप्प असते."

बाबांनी एकदा गुरुजींच्या तोंडाकडं आणि एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं. "इतका वेळ ते एवढंच बोलत होते?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. एकेक वाक्य करून, मधलं काही न गाळता, मी नापास झाले आहे हे मी माझ्याच तोंडानं माझ्या वडिलांना सांगितलं. बाबा रागावले नाहीत, ते कधीच रागवायचे नाहीत. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मग राहू दे. काल थेके मायेर शोंगे काजे जाबे. धाकटीला बघायलाही कुणीतरी हवंच आहे. गुरुजींना नमस्कार सांग."

उद्यापासून आईबरोबर कामावर जाईल. एवढंच सांगायचं होतं, आणि ते माझ्या तोंडून निघेना. ते मी मराठीत म्हटलं असतं तर ते खरं झालं असतं. गुरुजी वाट बघत होते. बाबा उठायच्या बेतात होते. काकू माझ्याकडं बघत होत्या, आणि त्यांचे डोळे बघून माझ्या लक्षात आलं की त्यांना सगळं कळलं आहे. काल, मा, काज, तिन्ही शब्द त्यांच्या छपरीतल्या खांबांवर लिहिलेले होते.

"तुहे बाबा काय म्हणून राहिले ते गुरुजीले सांग," त्या म्हणाल्या. "पूरं सांग. अर्धं नको सांगू."

मी सांगितलं. "बाबा म्हणतात, मग राहू द्या. उद्यापासून मी आईबरोबर कामावर जाईन, आणि घरी बहिणीला सांभाळीन. त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे." इथं बाबांचं बोलणं संपत होतं. माझं तोंड मात्र थांबलं नाही. "पण गुरुजी, मला शाळा सोडायची नाही. मला वाचता येतं. मी बोलत नाही कारण सगळे हसतात. 'ळ' पण येतो मला."

गुरुजी माझ्याकडं असे बघत होते की जणू मागच्या भिंतीनंच तोंड उघडलं होतं.

"गुरुजी," काकू शांतपणे म्हणाल्या, "आपलं नापास होणं हे पोरगी दोन भाषांत सांगून राहिली. आणखी कोणती परीक्षा पाहिजे तुमाले?"

गुरुजींनी टेबलावरचं चौथीचं पुस्तक घेतलं आणि वर्गात अजून शिकवला नव्हता असा शेवटचा धडा काढून माझ्या हातात दिला. हरवलेल्या काळ्या कालवडीची गोष्ट होती. काळी कालवड, म्हणजे एका शब्दात 'ळ' आणि दुसऱ्यात 'ल'. मी वाचायला लागले. गंगू नावाची मुलगी कालवडीला घेऊन विहिरीवर जाते. 'विहीर' समोर दिसताच माझी जीभ जुन्या वाटेनं निघाली होती, पण मी खालचा ओठ दाताखाली धरला आणि तो शब्द सरळ पार केला. पहिला परिच्छेद संपला तेव्हा बाबांनी हळूच विचारलं, "काय लिहिलंय?"

मी त्यांना बंगालीत सांगितलं. गंगू पाणी शेंदत होती, मागं वळून बघते तर कालवड नाही.

बाबा खुर्चीत पुढं सरकले. "तारपोर?"

तारपोर म्हणजे मग, पुढं काय. मी पुढचा परिच्छेद वाचला आणि सांगितला. गंगू जंगलाच्या कडेनं हाका मारत जाते. तारपोर? तिला ओल्या मातीत खुरांचे ठसे दिसतात. तारपोर? ठसे ओढ्यापाशी संपतात. आता बाबांचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट होते. आमच्याकडं तेव्हा एकच गाय होती, ती वेळेवर घरी आली नाही तर ते जेवत नसत. खेळायला बाहेर सोडलेली मुलं खिडकीच्या गजांना लटकली होती, गावातलीही आणि कॅम्पातलीही. मी मराठीत वाचलं की गावातली मुलं एकमेकांकडं बघायची आणि बंगालीत सांगितलं की कॅम्पातली. कुणी हसत नव्हतं. ओढ्याच्या पलीकडून गंगूला काहीतरी हंबरल्यासारखं ऐकू येतं, इथपर्यंत मी आले आणि शाळा सुटल्याची घंटा झाली. गुरुजींनी सवयीनं हात पुढं करून पुस्तक मिटलं.

"तारपोर?" बाबांनी थेट गुरुजींनाच विचारलं.

ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. गुरुजी त्या वर्षात पहिल्यांदाच माझ्यादेखत हसले. "त्यांना सांग, पुढचं उद्या. पाठवा म्हणावं मुलीला."

"गुरुजी म्हणतात, काल," मी बाबांना म्हणाले, आणि काकूंनी पटकन तोंडाला पदर लावला.

मी पाचवीत गेले, पुढंही गेले. गुरुजींनी मला मागच्या भिंतीपासून उचलून मधल्या रांगेत बसवलं आणि कॅम्पातल्या मुलांना काही समजलं नाही की म्हणायचे, मालती, सांग यांना. पण मला त्या दिवशीची संध्याकाळ जास्त आठवते. बाबांनी घरी येऊन आईला माझ्या पास-नापासाचं काहीच सांगितलं नाही. ते चुलीपाशी बसले आणि आई मासे साफ करत असताना त्यांनी तिला कालवडीची गोष्ट सांगायला सुरुवात केली, जणू त्यांनीच ती वाचली होती. आई मधे मधे हात थांबवून विचारायची, तारपोर? ओढ्यापाशी आल्यावर बाबा घोटाळले. मग क्षणभर विचार करून म्हणाले की ओढ्यापलीकडं नवीनच आलेल्या लोकांची वस्ती होती. त्यांना कालवड सापडली, कुणाची ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी तिला भाताची पेज पाजून दारात बांधून ठेवली होती. गंगू आली तेव्हा तिलाही त्यांनी जेवायला बसवलं, मगच कालवड दिली. आईनं समाधानानं मान हलवली आणि मासे तव्यावर टाकले.

दुसऱ्या दिवशी मी धड्याचं शेवटचं पान वाचलं. ओढ्यापलीकडं हंबरत होती ती दुसऱ्याच कुणाची तरी म्हैस. कालवड केव्हाच आपल्या पायांनी घरी येऊन गोठ्यात रवंथ करत बसली होती. पुस्तकात वस्तीबिस्ती काही नव्हतं. घरी येऊन मी बाबांना ते सांगितलं. ते विळ्याला धार लावत होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, विचार केला आणि म्हणाले, "छापताना चुकलंय. गुरुजींना सांग."

सकाळी हजेरी झाली. मी 'हजर' म्हटलं आणि खाली न बसता तशीच उभी राहिले. गुरुजींनी विचारलं, काय झालं. साठ मुलं माझ्याकडं वळून बघत होती.

"गुरुजी," मी म्हणाले, "आमच्या बाबांनी सांगितलंय, पुस्तकात एक चूक आहे."